जुन्या प्लायच्या आरसी हायड्रोप्लेनची दुरुस्ती: सहा हजारांत आधी काय करावं?

तीन_टेकू

नमस्कार मंडळी. एक जुनी, बरीच झिजलेली आरसी (रेडिओवर चालणारी) हायड्रोप्लेन, म्हणजे पाण्याला जेमतेम टेकून वेगात धावणारी मॉडेल बोट, दुरुस्तीला घेतली आहे. बोट पुण्यातच आहे. तिची अवस्था जशी आहे तशी लिहितो.

हल (बोटीचं अंग) प्लायवूडचा, लांबी ६१० मिमी, पुढे दोन स्पॉन्सन (बोट ज्यांवर टेकून धावते ते बाजूचे ठोकळे). मागची फळी (ट्रान्सम) ३ मिमी प्लायची आहे आणि स्ट्रटच्या (प्रॉपेलरचा दांडा धरणाऱ्या मागच्या आधाराच्या) बोल्टांभोवती दाभण सहज आत जातं. तळ आणि डेक १.५ मिमीचे. उजव्या स्पॉन्सनच्या तळाचा प्लाय पुढच्या टोकाकडून सुटलाय, नाणं वाजवलं की बद्द आवाज येतो. मोटर ५५० ब्रशवाली, फिरते पण ठिणग्या खूप. फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रॉपेलरकडे जाणारा पिळलेल्या तारांचा लवचिक दांडा) ४ मिमीचा, दोन तारा तुटून बाहेर आल्यात. प्रॉपेलर बोटाने हलवला तर स्ट्रटमध्ये खडखडतो. स्पीड कंट्रोल जुन्या पद्धतीचा, सर्वोवर (रेडिओच्या इशाऱ्यावर दांडी हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) चालणारा रेझिस्टरवाला. रेडिओ २७ मेगाहर्ट्झचा आणि रिसीव्हरचा क्रिस्टलच नाही. रडरचा सर्वो जाम.

बजेट सहा हजार. लायपोचा (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) बॅलन्स चार्जर आहे, ३एसपर्यंत (तीन सेलपर्यंत) चालतो. शर्यत लावायची नाही. बोट सरळ धावावी, नीट वळावी आणि उलटू नये, एवढंच. ब्रशलेस मोटर घेऊन सुरुवात करू का? आणि ट्रान्सममध्ये पातळ एपॉक्सी मुरवून भागेल, की तो कापावाच लागेल?

भवानी_पेठ_प्लाय

ब्रशलेस आत्ता नको. मोटर, ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल), बॅटरी आणि रेडिओ हे चारही नवे घेतले तर सहा हजारांत बसत नाहीत, आणि मऊ ट्रान्समवर जास्त ताकद लावणं म्हणजे आधी कळस मग पाया. पैसा आणि वेळ आधी पाण्याला जे लागतं त्यावर घाला: लाकूड, तळ, शाफ्ट.

ट्रान्सम कापावाच लागेल. कुजलेल्या, ओल्या प्लायमध्ये एपॉक्सी मुरत नाही, वरवर कडक कवच होतं आणि आत भुसाच राहतो. प्रॉपेलरचा सगळा जोर त्याच चार बोल्टांवर येतो, त्यामुळे कवच महिन्याभरात तडकतं.

पण कापण्याच्याही आधी वाळवणं. डेकचं झाकण काढून हल सावलीत पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, १.५ मिमी प्लाय लगेच पीळ खातो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून लिहून ठेवा. लागोपाठ तीन दिवस वजन उतरलं नाही की हल वाळला. पावसाळ्यात करत असाल तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ४० वॅटचा साधा बल्ब लावून वाळवा. बल्ब लाकडापासून वीतभर लांब हवा आणि खोक्याला वर भोकं हवीत.

मग मऊ भाग कापा. दाभण जिथे अडतं तिथून आणखी १० मिमी पुढपर्यंत. ठिगळ काटकोनात ठोकळ्यासारखं बसवू नका, सांधा तिरका घ्या, १ ला ८ या प्रमाणात. म्हणजे ३ मिमी प्लायला २४ मिमी लांबीचा उतार. टिंबर मार्केटमध्ये अख्खा शीट मागण्याऐवजी बर्च किंवा मरीन प्लायचे तुकडे विचारा, वीतभर तुकडा पुरतो. आतल्या बाजूने ३ मिमीचा आणखी एक तुकडा पाठीला द्या, स्ट्रट आणि रडरचे सगळे बोल्ट त्यातूनही गेले पाहिजेत.

बोल्टाची भोकं थेट ३ मिमीची पाडू नका. ६ मिमीचं भोक, त्यात एपॉक्सीत बारीक लाकडाचा भुसा कालवून भरा, दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध ३ मिमीचं भोक. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही आणि पाणी आत जायला वाट राहत नाही. तुमचा ट्रान्सम कुजला तो नेमका या वाटेने.

चिकटवण्यासाठी हळू वाळणारं साधं अराल्डाइट चालेल, पाच मिनिटांत वाळणारं नको, ते ओलाव्यात टिकत नाही. आतून बाहेरून लेप देण्यासाठी मात्र लॅमिनेटिंग रेझिन घ्या. एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ ही जोडी फायबरचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. प्रमाण वजनाने १० ला १. अंदाजाने ओतायचं नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि उभ्या कपापेक्षा पसरट ताटलीत ठेवा, नाहीतर कपातच तापून धूर निघतो. हातमोजे घाला, हा हार्डनर कातडीला वाईट.

लेप संध्याकाळी द्या, तापमान उतरत असताना. सकाळी दिला तर दिवस चढतो तशी लाकडातली हवा फुगते आणि लेपात टाचणीएवढी भोकं पडतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो. दमट हवेत वाळलेल्या लेपावर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. तसाच घासला तर मेण आत रगडलं जातं आणि पुढचा थर सोलून निघतो.

तळाला ५० जीएसएमचं (चौरस मीटरला ५० ग्रॅम) काचकापड, एकच थर. तुमच्या तळाचं क्षेत्र अंदाजे ०.१५ चौरस मीटर धरलं तर कापड आणि रेझिन मिळून १६-१७ ग्रॅम वाढतील. २०० जीएसएमचं कापड घेतलंत तर साठेक ग्रॅम, आणि ते वजन बहुतेक मागे जाईल. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त दिसेल, पण जुन्या एपॉक्सीवर ते धरत नाही.

स्पॉन्सनचा सुटलेला प्लाय पातळ पात्याने हळूच उचला, जुना गोंद खरवडा, ८० नंबरने घासा, एपॉक्सी लावा. मग हल जाड काचेवर प्लास्टिकचा कागद घालून ठेवा आणि वरून वाळूच्या पिशव्या. क्लॅम्प जागोजागी दाबतो आणि तळ लाटेसारखा होतो. काच सपाटी देते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कडा. स्पॉन्सनची मागची कड आणि तळाच्या बाजूच्या कडा चाकूसारख्या टोकदार हव्यात. जुन्या बोटीत पन्नास वेळा रंग आणि लांबी (पुट्टी) मारून त्या गोल होतात. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं, बोट ओढल्यासारखी चालते आणि दोष मोटरला दिला जातो. एपॉक्सीत टाल्कम पावडर कालवून कडेवर चढवा, बाहेरून टेप लावून बांध घाला आणि वाळल्यावर सपाट ठोकळ्यावर ४०० नंबरचा पाण्याचा पेपर गुंडाळून घासा. ३०० मिमीची स्टीलची पट्टी तळावर लांबीने धरून उजेडाकडे बघा. मध्ये फुगवटा असेल तर बोट बेडकासारखी उड्या मारेल.

गनमेटल_बुश

लाकडाचं वरच्यांनी नीट सांगितलंय. शाफ्टचं मी सांगतो.

तार तुटलेला फ्लेक्स शाफ्ट टाकूनच द्या. कापून छोटा करून वापरू नका, कारण एक तार तुटली म्हणजे आतल्याही थकलेल्या असतात आणि शाफ्ट भर वेगात ट्यूबमध्येच पिळवटतो. नवा घेताना पिळाची दिशा बघा. एक टोक मुठीत धरा, दुसरं टोक मोटर फिरेल त्या दिशेने पिळा. पीळ आवळून कडक झाला तर बरोबर. टोपलीसारखा उघडायला लागला तर उलट दिशेचा आहे. याच कारणाने हायड्रोप्लेनला रिव्हर्स ठेवत नाहीत.

कापायच्या जागी आधी पातळ सुपरग्लू मुरवा किंवा सोल्डर भरा, मग कटिंग डिस्कने कापा. नुसता कापला तर टोक पिंजारतं आणि कपलरमध्ये (मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्यात) जात नाही.

पितळी ट्यूबमध्ये टेफ्लॉनची नळी घाला. शाफ्ट तिच्यात स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. बरोबर ४ मिमी आतल्या व्यासाची नळी बाकावर ठीक वाटते, पण गरम झाली की आवळते. थोडी सैलच हवी. मोटरकडचं टोक गरम करून कर्ण्यासारखं पसरवा, म्हणजे नळी मागे स्ट्रटकडे ओढली जाणार नाही.

ट्यूबचा बाक एकाच ठिकाणी तीव्र नको, लांबवर हळूहळू हवा. पितळ मंद लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्या, आत कोरडी वाळू ठासून भरा, दोन्ही टोकं बंद करा आणि मोठ्या डब्याच्या गोलाईवर वाकवा. तापवल्याशिवाय वाकवलंत तर ट्यूब चपटी होते. बसवल्यावर शाफ्ट दोन बोटांनी फिरवून बघा. कुठेही अडता कामा नये.

स्ट्रटची खडखड म्हणजे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती आतली नळी) गेला. बाजारात शोधत बसण्यापेक्षा जुना स्ट्रट आणि नवा प्रॉप शाफ्ट घेऊन लहान लेथवाल्याकडे जा. भोसरीत अशी कामं करणारे पुष्कळ आहेत. गनमेटलच्या तुकड्यातून दोन बुश काढून मागा. प्रॉप शाफ्ट बहुधा ४.७६ मिमी, म्हणजे ३/१६ इंच असेल, पण व्हर्निअरने मोजूनच सांगा. बुशचं भोक त्याहून ०.०५ मिमी मोठं, जास्त नाही. शाफ्ट सोबत दिला की लेथवाला त्यावरच बसवून बघतो, आकड्यांवरून वाद होत नाहीत.

बसवताना ड्राइव्ह डॉग (प्रॉपेलरला पकडून फिरवणारी शाफ्टवरची कडी) आणि स्ट्रटच्या मागच्या तोंडामध्ये ४ मिमी फट ठेवा. ही फट पाहून नवखे लोक शाफ्ट लांब झाला समजतात आणि ती बंद करतात. भार आला की फ्लेक्स पिळला जाऊन आखूड होतो. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो, बुश तापतो आणि मोटर दुप्पट करंट खाते.

प्रॉपेलर: ५५० मोटरवर प्लास्टिकचा चालेल. पुढे ब्रशलेस आली की धातूचाच लागेल, प्लास्टिकची पाती वेगात वाकतात. कोणताही असो, बॅलन्स करा. दाढीची दोन पाती समांतर उभी करून त्यांवर शाफ्टसकट ठेवा. जड पातं खाली येईल, त्याच्या पुढच्या (बोटीकडच्या) बाजूने थोडं थोडं घासा. बेरिलियम-तांब्याचा प्रॉप असेल तर पाण्यात बुडवून आणि मास्क लावूनच घासा, ती धूळ फुप्फुसांना घातक आहे.

तपकीर_गल्ली

थोडक्यात इलेक्ट्रिकल.

ठिणग्या मारणारी ५५० दुरुस्त करत बसू नका, बहुतेक ५५० मध्ये ब्रश बदलता येत नाहीत. नवी ५५० बुधवार पेठेत मिळेल, पण कॉर्डलेस ड्रिलची देतील तर व्होल्टेज विचारा. १२ किंवा १८ व्होल्टची मोटर २एसच्या ७.४ व्होल्टवर फिरते, पण बोट पाण्यावर उचलली जात नाही. ७.२ व्होल्टची आरसी कारसाठीची मोटर मागा. टर्मिनलांमध्ये एक आणि प्रत्येक टर्मिनलपासून कॅनला (मोटरच्या धातूच्या खोळीला) एक असे ०.१ मायक्रोफॅरडचे (१०४) तीन सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा.

रेझिस्टरवाला कंट्रोलर काढा. तो जड आहे आणि अर्ध्या वेगाला बॅटरीची वीज नुसती उष्णतेत घालवतो. ब्रशवाला साधा ईएससी पुरे. स्वस्त ईएससीवर छापलेला ३२० अँपिअरचा आकडा सलग चालण्याचा नसतो, तो खरा धरू नका. २एस आणि एका ५५० ला मात्र तो पुरतो.

रेडिओवर कंजुषी नको. २.४ गिगाहर्ट्झचा पिस्तुली सेट घ्या आणि फेलसेफ लावा: सिग्नल गेला की थ्रॉटल शून्य. पाण्यात उतरवण्याआधी ट्रान्समीटर बंद करून तपासा. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधा. अँटेनाचं टोक स्ट्रॉमधून डेकच्या वर उभं काढा, २.४ चा सिग्नल पाण्यातून जात नाही.

पुढे ब्रशलेस घ्याल तेव्हा ३६५० आकाराची, ३.१७ मिमी शाफ्टची बघा. व्यास ३६ मिमी आणि स्क्रूचं अंतर २५ मिमी, म्हणजे तुमचा ५५० चा माउंट आणि कपलर तसेच राहतील. २४०० केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला २४०० फेरे) आणि ३एस धरलं तर ११.१ × २४०० = २६,६४०, भाराखाली त्याच्या ८० टक्के, म्हणजे साधारण २१,३०० फेरे. ३८ मिमी व्यास आणि १.४ पिचचा (व्यासाच्या १.४ पट) प्रॉप एका फेरीत ५३ मिमी सरकतो. १५ टक्के घसरण वजा केली तरी ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास येते. ६१० मिमीच्या बोटीला हा वेग भरपूर आहे. ईएससी पाण्याने थंड होणारा घ्या, पाणी आधी ईएससीत, मग मोटरच्या जॅकेटमध्ये, आणि बाहेर पडणारी धार काठावरून दिसेल अशा बाजूला. अक्वेरियमची ४ मिमी सिलिकॉन नळी चालते, पीव्हीसीची कडक होऊन मुडपते.

तीन_टेकू

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रशलेस पुढे ढकलतो. हल वाळवायला ठेवायच्या आधी मापं घेतली. सपाट काचेवर स्पॉन्सनच्या तळाची मागची कड टेकवून तिथून १०० मिमी पुढे तळ काचेपासून किती उंच ते मोजलं: डावीकडे पुढे ५.५ मिमी उंच, उजवीकडे ३.५ मिमी. स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून ट्रान्समपर्यंत ३३० मिमी. जुन्या मांडणीत सगळं सामान आणि २एस बॅटरी ठेवून वजन १४५० ग्रॅम भरतं आणि तोल (वजनाचा मध्यबिंदू) स्पॉन्सनच्या मागच्या कडेच्या १२५ मिमी मागे येतो. हे बरोबर आहे का? उजवा स्पॉन्सन घासून डाव्यासारखा करू का?

आफ्टरप्लेन_३३०

थांबा, उजव्याला कानस लावू नका. ५.५ म्हणजे सुमारे ३ अंश, हा कोन छान आहे. ३.५ म्हणजे २ अंश. पण तुमच्या उजव्या स्पॉन्सनचा प्लाय पुढच्या टोकाकडून सुटलाय, तो खाली लोंबला की पुढची उंची तेवढीच कमी भरते. बोटाने वर दाबून धरा आणि परत मोजा. बहुतेक दोन्ही बाजू जुळतील. चिकटवल्यावर दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला तरच घासायचा विचार करा.

तोल मात्र फार मागे आहे. १२५ भागिले ३३० म्हणजे ३८ टक्के. तीन टेकूंच्या हायड्रोला २७ ते ३३ टक्के चांगले, म्हणजे ८९ ते १०९ मिमी. धावताना ही बोट दोन स्पॉन्सन आणि अर्धा बुडालेला प्रॉप एवढ्यांवरच टेकलेली असते, बाकीच्या तळाखाली हवा. तोल मागे असला तर नाक हलकं होतं, हवा खाली शिरते आणि बोट मागे उलटते. डोनाल्ड कॅम्पबेल यांची ब्लूबर्ड के७ ही ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन वॉटरवर नाक उचलूनच उलटली. आकार आणि वेग वेगळा, हवेचं वागणं तेच.

आता हिशोब बघा. २एस बॅटरी २०० ग्रॅम धरली आणि १०० मिमी पुढे सरकवली तर २०० × १०० ÷ १४५० = जेमतेम १४ मिमी. पुरत नाही. ५५० मोटर २२० ग्रॅमच्या आसपास, ती ४० मिमी पुढे नेली तर आणखी ६ मिमी. दोन्ही मिळून तोल १०५ वर येईल. जड रेझिस्टर निघाल्यावर एकूण वजनही उतरेल, तो मागे असेल तर तोल आणखी पुढे सरकेल. म्हणून मोटरची जागा आत्ताच ठरवा, पितळी ट्यूब वाकवण्याआधी आणि फ्लेक्स कापण्याआधी. नाहीतर तेच काम दोनदा कराल आणि दुसऱ्या शाफ्टचे पैसे जातील. शिसं चिकटवून तोल आणणं सगळ्यात शेवटी. बॅटरी वेल्क्रोवर ठेवा, मागे-पुढे सरकवता आली पाहिजे.

स्ट्रटची उंची: बोट टेबलाच्या कडेवर ठेवा, स्पॉन्सन टेबलावर, प्रॉप बाहेर लोंबता. तळ टेबलाला समांतर राहील असा ठोकळा ट्रान्समखाली द्या. प्रॉप शाफ्टचा मध्य टेबलाच्या पृष्ठभागाच्या पातळीत आणि शाफ्ट टेबलाला समांतर, ही सुरुवात. पाण्यात नाक हलकं वाटलं तर बॅटरी १० मिमी पुढे किंवा स्ट्रट १ मिमी खाली. मागचा भाग टपटप उडत असेल तर स्ट्रट अर्धा मिमी वर. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहा.

उजव्या स्पॉन्सनचा टर्न फिन (वळताना पाणी धरणारं पातं) सरळ आहे का, पुढची धार शाबूत आहे का तेही बघा. फिन उजवीकडे आहे म्हणजे बोट वेगात उजवीकडेच वळवायची. डावीकडे वळवायची तर वेग उतरवून. रडरच्या ब्रॅकेटला एक बोल्ट नायलॉनचा लावा, ओंडक्याला आपटली तर तो तुटेल आणि ट्रान्सम वाचेल.

तीन_टेकू

दाबून मोजलं, उजवीकडे आता ५.३ येतंय. म्हणजे फक्त चिकटवायचंय. मोटर ४० मिमी पुढे बसते, मधली फ्रेम आड येत नाही. चालवायची कुठे, हे पण सांगाल का? शेततळ्यात चालेल?

भवानी_पेठ_प्लाय

साधारण शेततळं ३० मीटर लांब असतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १४ मीटर, दोन सेकंदांत पलीकडचा काठ. ५५० आणि २एसवर अर्ध्या थ्रॉटलला गळती आणि रडर तपासण्यापुरतं ठीक. पण प्लास्टिकच्या अस्तराचा उतार बुळबुळीत असतो, एकदा पाय घसरला की वर चढता येत नाही. काठावर दोर बांधल्याशिवाय आणि सोबत माणूस असल्याशिवाय जवळ जाऊ नका. पाषाण तलावात जलपर्णी आहे, प्रॉपला गुंडाळली तर नवा फ्लेक्स एका फेरीत जाईल, शिवाय तिथे पक्षी असतात. खडकवासला पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, परवानगीशिवाय तिथे बोट उतरवू नका. गावाकडचा मोठा पाझर तलाव, ग्रामपंचायतीला विचारून, सकाळी वारा पडलेला असताना, हे सगळ्यात बरं.

बंद पडलेली बोट आणायला पाण्यात उतरायचं नाही. मासे धरायच्या रॉडला दोरीच्या टोकाशी टेनिस बॉल बांधा, बोटीच्या पलीकडे फेका आणि हळूहळू ओढा. आणि डेक बंद करण्याआधी आत निदान एक लिटर फोम भरा, पॅकिंगचा पांढरा ईपीई चालतो. अर्धा पुढे, अर्धा मागे.

गनमेटल_बुश

एक राहिलं. प्रत्येक दिवसाच्या शेवटी फ्लेक्स पूर्ण बाहेर काढा, पुसा, मरीन ग्रीस चोळून परत घाला. आत ठेवलेला ओला शाफ्ट दोन आठवड्यांत गंजतो आणि गंजलेली तार टेफ्लॉनला कानशीसारखी खाते. डेकचं झाकण घरी आल्यावर उघडंच ठेवा. लायपो प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, भरलेली ठेवू नका. पहिल्या दिवशी टायमर तीन मिनिटांचा लावा, काठावर आणून मोटरला आणि स्ट्रटला हात लावून बघा. स्ट्रट मोटरपेक्षा गरम लागला तर ती ४ मिमीची फट परत मोजा.